दोन राण्या आणि गंगाक्का

गंगाक्कानं आयुष्यात एकच नाटक बघितलं आणि तेही तिला आवडलं नाही. "लिवणाऱ्याला बाया ठाऊक न्हाईत," एवढंच तिचं त्यावरचं मत होतं, आणि पुढं कितीही विचारलं तरी तिनं ते बदललं नाही. नाटक ऐतिहासिक होतं. 'एक तख्त, दोन राण्या' असं त्याचं नाव. त्या दुपारी मी तिच्या शेजारी, तिच्याच घोंगडीवर बसले होते.

मी मूळची तेरची. आमच्या वस्तीत शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी मीच. शाळेवर नेमणूक झाली ती मुरुम गावाच्याही पुढं, कच्च्या रस्त्यावरच्या एका गावात. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पायी जायचं. गाव कर्नाटकाच्या कडेला, त्यामुळं अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत. खोलीसाठी मी तीन-चार घरी विचारलं. प्रत्येक ठिकाणी आधी चहा आला, मग "बाई, तुम्ही कुणापैकी?" हा प्रश्न आला. बौद्ध असं सांगितल्यावर कुणाकडं पाहुणे येणार होते, कुणाची खोली गळत होती.

गंगाक्काच्या घरी मी गेले तेव्हा ती गोठा झाडत होती. उंच, हाडापेराची बाई. कपाळावर इबितीचे म्हणजे भस्माचे पट्टे, इरकलीचा पदर कमरेला खोचलेला. चहाबिहा काही विचारला नाही.

"खोली मातीची हाय. सारवता येतं का तुमाला?"

"येतं."

"मग या की."

मीच आपणहून सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत म्हणून. तिनं झाडू थांबवला नाही. "आडाचा दोर जड हाय," ती म्हणाली, "दोन्ही हातानं वडा, न्हायतर हिसका बसतो." त्या घरात माझ्या जातीबद्दलचं बोलणं तेवढ्यावरच संपलं. गावात मात्र ते संपलं नाही. भावकीतला एक म्हातारा दुसऱ्या दिवशी येऊन ओसरीवर बराच वेळ बोलत बसला. आड बाटण्यापासून ते सोयरीक तुटण्यापर्यंत सगळं त्यानं सांगितलं. गंगाक्का वाती वळत ऐकत होती. त्याचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "ऐकलं म्या," आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली.

हे 'ऐकलं म्या' तिचं नेहमीचं. कुणी भांडायला येवो, चुगली सांगायला येवो की शहाणपण शिकवायला, गंगाक्का मध्ये बोलायची नाही. समोरच्याला पूर्ण बोलू द्यायची, आणि शेवटी ते दोन शब्द. त्यानंतर देवाची सुद्धा पुढं बोलायची टाप नव्हती.

तिच्या म्हशीवरच्या जिवाच्या गोष्टी गावात चवीनं सांगत. बाहत्तरच्या दुष्काळात तालुक्याकडं जनावरांची छावणी उघडली होती. घरचे पुरुष खडी फोडायच्या कामावर, म्हणून म्हशी घेऊन गंगाक्का छावणीत जाऊन राहिली. तिथं चारा आला की दांडगे लोक पुढं घुसायचे आणि मागच्यांच्या वाट्याला काड्या यायच्या. एक दिवस चाऱ्याची गाडी रिकामी झाली आणि गंगाक्का सरळ ढिगावर चढून बसली, पाय पसरून, जशी काही घरच्या बाजेवर बसलीय. "रांग लागंस्तवर उठत न्हाय," म्हणाली. एकजण शिव्या द्यायला लागला. तो दमेपर्यंत तिनं ऐकून घेतलं. बाईमाणसाला हात धरून खाली कोण ओढणार? रांग लागली. त्यानंतर छावणीतले लोक चारा वाटताना तिलाच बोलावून ढिगावर बसवायचे, असं सांगणारे सांगत. मी तेव्हा तिथं नव्हते, पण तिचं बसणं मी पुढं पुष्कळ बघितलं, त्यामुळं मला ते खरं वाटतं.

गंगाक्काच्या घरात दोन चुली होत्या. पुढच्या बाजूची तिची, आणि आतली नीलव्वाची. नीलव्वा तिची सवत.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल झालं नाही तेव्हा गंगाक्काच उठली आणि कर्नाटकात आळंदच्या बाजूला जाऊन नवऱ्यासाठी मुलगी बघून आली. "म्याच आणली तिला," ती सांगायची. "मालकास्नी इचारलं सुद्धा न्हाय. ती भाकरी थापताना बघितली, आन् म्हनलं, ही चालंल." मालक म्हणजे शिवाप्पा, अबोल माणूस. घरात असला तरी आहे असं वाटायचं नाही. नीलव्वा आली तेव्हा कोवळी पोर होती. तिला मराठी येत नव्हतं. गंगाक्कानं तिला मराठी शिकवलं, धार काढायला शिकवलं, रात्री कुशीत घेऊन झोपवलं. आईसुद्धा एवढं करत नाही, असं शेजारच्या बाया सांगत.

मग दुष्काळाच्या त्या वर्षी नीलव्वाला मुलगा झाला. गंगाक्का छावणीतून अधूनमधून घरी यायची, बाळासाठी लोट्यात दूध घेऊन. अशीच एकदा संध्याकाळी आली, चोचीच्या बोंडल्यानं त्याला दूध पाजलं आणि मुक्कामाला थांबली. बाळाला त्याआधीच जुलाब होत होते. सकाळी ते गेलं. त्या उन्हाळ्यात गावात अशी कितीतरी मुलं गेली. पण नीलव्वाची आई आली होती बाळंतपणाला. ती कुणाजवळ तरी बोलली की थोरलीनं दूध पाजलं आणि पोर गेलं. ते गावभर झालं. गंगाक्कानं तेही ऐकून घेतलं असतं. पण बाळाच्या मातीहून आल्यावर नीलव्वानं स्वतः तिला विचारलं, "अक्का, त्याला काय पाजलं हुतं?"

गंगाक्कानं त्याचं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी तिनं आपली भांडी उचलली आणि पुढच्या खोलीत वेगळी चूल मांडली.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि तेही इतरांकडून. मला आधी दिसली ती तिची एक सवय. माझ्याकडं शाळेतली मुलं यायची, अभ्यासाला, कधी नुसती खेळायला. कुणी पाणी मागितलं तर गंगाक्का जागची हलायची नाही. "तितं घागर हाय, आपल्या हातानं घे." सुरुवातीला मला वाटलं, गावातल्या बौद्ध वस्तीतल्या मुलांना ती आपल्या हातानं पाणी देत नाही. पण घागरीला हात लावायची मोकळीक सगळ्यांना होती, आणि पाटलाच्या नातवालाही ती तेच सांगायची. सणाला पोळ्या केल्या की परात ओसरीवर ठेवून द्यायची. मुलं घ्यायची. कुठल्याच मुलाच्या हातात ती काही ठेवायची नाही. मूल जवळ आलं की तिचे हात आपोआप पदराखाली जायचे.

मी तिथं असतानाच नीलव्वाला पुन्हा दिवस गेले. मधली सगळी वर्षं मोकळीच गेली होती. बाळंतपणाच्या दिवशी गंगाक्कानं पाणी तापवून दिलं, सुईणीला बोलावून आणलं आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिली. मुलगा झाला. सुईण दाखवायला घेऊन आली तेव्हा तिनं लांबूनच मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बघितलं तर तिची सगळ्यात चांगली म्हैस नीलव्वाच्या दारात बांधलेली. गंगाक्का आत डोकावून सांगत होती, "हिची धार तुझ्या हातानं काढ. भांडं बी तुझंच घे." दूध द्यायची तिची तयारी नव्हती, म्हणून तिनं म्हैसच देऊन टाकली.

नीलव्वा खाली बघून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एरवी घरात दोघींची बोलणी कामापुरती व्हायची, तीही शिवाप्पाकडं तोंड करून. "थोरलीला म्हणावं, सरकी संपली." "धाकटीला म्हणावं, ऐकलं म्या." बिचारा शिवाप्पा दोन्हीकडं मान हलवायचा.

गावात दूध संस्था निघाली ती त्याच सुमाराला. संध्याकाळी शाळेच्या बाजूला बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायला लागल्या. त्याआधी दूध म्हणजे घरातली गोष्ट होती, आता ते बायांच्या नावावर जाऊ लागलं. संस्थेची दोन खोल्यांची इमारत झाली तेव्हा चेअरमनांनी उद्घाटनाला सोलापूरकडची नाटक कंपनी आणायचं ठरवलं. वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नव्हता, आणि बायांना संध्याकाळच्या धारांना घरी पोहोचायचं होतं. म्हणून खेळ दुपारचा ठेवला. शाळेच्या मैदानात कनात बांधली, वर तरटं टाकून सावली केली. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या आल्या.

गंगाक्का यायला तयार नव्हती. "राण्या बघून म्या काय करू?" पण चेअरमन स्वतः येऊन बोलावून गेले, संस्थेला पहिल्या दिवशी दूध घालणारी ती म्हणून. तिनं पेटीतली धारवाडी खणाची चोळी काढली. मैदानात गेल्यावर बायांच्या बाजूला तिनं मागची जागा धरली, कनातीच्या खांबाला पाठ टेकून. नीलव्वा बाळाला घेऊन पुढं, शेजारणींच्या घोळक्यात बसली होती.

नाटक सुरू होण्याआधी एकजण पडद्यापुढं येऊन सांगून गेला की ही एका जुन्या राजघराण्यातली घडलेली कथा आहे. मग पडदा वर गेला. राजा लढाईत पडतो. मागं दोन राण्या राहतात. थोरलीला मूल नाही, धाकटीला लहान राजपुत्र. शिक्कामोर्तब थोरलीच्या हातात, आणि गादीचा वारस धाकटीच्या मांडीवर. थोरलीचं काम करणारी नटी धिप्पाड होती, आवाज सगळ्या मैदानाला पुरेल असा. हिरवा शालू, भलीमोठी नथ. धाकटी नाजूक, सारखी डोळ्यांना पदर लावणारी.

पहिला अंक गंगाक्कानं मजेत बघितला. तिची टीका चालूच होती. थोरली राणी सिंहासनावर बसली तेव्हा म्हणाली, "एवढं वरडून राज्य चालतं व्हय?" धाकटी रडली तेव्हा म्हणाली, "हिला कुणीतरी काम द्या." पुढच्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. किल्लेदार राजपुत्राचा काटा काढा म्हणून थोरलीच्या कानाला लागतो तेव्हा मात्र गंगाक्काची टीका थांबली.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी थोरल्या राणीचा महाल दाखवला होता. दासी चांदीच्या पेल्यात दूध घेऊन येते. राणी तिला बाहेर पाठवते, अंगठीचा खडा उघडते आणि दुधात काहीतरी टाकते. मग प्रेक्षकांकडं तोंड करून म्हणते, "आज या दुधानं वंशाचा दिवा विझेल." लगेच राजपुत्राला हाक मारते, "ये बाळा, थोरल्या आईच्या हातचं दूध घे."

आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मान वळवून गंगाक्काकडं बघितलं. तिचं बघून दुसरीनं. बघता बघता बायांची सगळी बाजू मागं वळली. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, गंगाक्काला ते ऐकून घेता आलं असतं. या नजरांचं काय करायचं ते तिला कळेना. तिचे हात पदराखाली गेले. ती घोंगडी सोडून उठायला लागली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिनं बाजूला केला. "बाई, मला घरला जाऊ द्या," ती हळू म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात पुढच्या घोळक्यातून नीलव्वा उठली. कडेवर मूल, खांद्याला पिशवी. बायांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती मागं आली आणि गंगाक्कासमोर उभी राहिली.

"अक्का, ह्याला घ्या जरा."

गंगाक्का खाली बघत राहिली. "माज्याकडं नगं."

"माजा हात अवघडलाय. घ्या."

"नीले, लोक बघत्यात."

"बघू द्या की."

नीलव्वा तिथंच खाली बसली आणि मूल तिच्या मांडीवर ठेवलं. नवीन मांडी लागल्यावर ते रडायला लागलं. नीलव्वानं ते परत घेतलं नाही. पिशवीतून लोटा काढला, बोंडलं काढलं, बोंडल्यात दूध ओतलं आणि गंगाक्कापुढं धरलं.

"त्याला भूक लागलीया. तुमी पाजा."

तिकडं रंगमंचावर थोरली राणी पेला हातात घेऊन उभी होती. राजपुत्राचं काम करणारा मुलगाही संवाद विसरून आमच्याकडंच बघत असावा, कारण आतून कुणीतरी त्याला त्याचं वाक्य दोनदा सांगितलं.

गंगाक्कानं बोंडलं घेतलं. तिनं दुधाचे थेंब आपल्या तळहातावर घेतले, जिभेला लावले, क्षणभर थांबली. मग बाळाचं डोकं कोपराच्या घडीत नीट घेऊन त्याच्या ओठाला बोंडलं लावलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं. नीलव्वा बाजूला बसून लोटा धरून होती. बोंडलं रिकामं झालं की भरून देत होती. गंगाक्काच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते पुसायला तिच्याकडं हात मोकळा नव्हता.

बाळाचं पोट भरल्यावर तिनं मान वर केली. बाया अजून मागंच वळलेल्या होत्या.

"फुडं बघा," ती म्हणाली, आता आपल्या नेहमीच्या आवाजात. "राणीचं दूध निवाया लागलंय."

सगळ्या माना एका झटक्यात पुढं वळल्या.

नाटकात शेवटी दासी पेला बदलते आणि थोरली राणी आपल्याच विषानं मरते. मरताना लांबलचक भाषण करते. टाळ्या पडल्या. मूल गंगाक्काच्या मांडीवर झोपलं होतं, म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी जाताना मी विचारलं, कसं वाटलं नाटक. तेव्हा ती 'लिवणाऱ्याला बाया ठाऊक न्हाईत' असं म्हणाली. मग थोडं चालून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "दोन बाया एका घरात असल्या की कुनी तरी कुनाला मारतंच, आसं त्याला वाटतंय. भाकरी कोन करतं, म्हशी कोन बघतं, त्या राजवाड्यात?"

नीलव्वा पुढं चालली होती. तिनं मागं न बघता म्हटलं, "अक्का, धारेला उशीर हुईल. मूल द्या हिकडं."

"ऱ्हाऊ दे. झोपलंय."

त्या दोघी त्या दिवसाबद्दल पुढं कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही. जुन्या प्रश्नाचं उत्तर मागितलं गेलं नाही आणि दिलंही गेलं नाही. पुढची चूल गंगाक्कानं लगेच मोडली नाही. पावसाळ्यात पुढची खोली गळायला लागली, तेव्हा लाकडं भिजतात एवढं कारण सांगून ती भांडी घेऊन आत गेली. मग मात्र घरात कल्ला सुरू झाला. इतक्या वर्षांचं साचलेलं भांडण दोघींनी तोंडातोंडी भांडून घेतलं. मीठ जास्त झालं यावरून, मुलाच्या काजळावरून, म्हशीच्या दाव्यावरून. शिवाप्पाला आता कुणी निरोप सांगायला लावत नव्हतं. तो एकदा ओसरीवर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, आता बरं चाललंय." त्याच्याशी माझं झालेलं सगळ्यात मोठं बोलणं तेच. गंगाक्का मुलाला कडेवर घेऊन गावभर फिरायची, आणि पाणी मागणाऱ्या पोरांना स्वतः उठून तांब्या भरून द्यायला लागली, दोन्ही हातांनी.

माझी बदली झाली. मधे वर्षं गेली. मी नळदुर्गच्या शाळेत होते तेव्हा तिथं डोळ्यांचं शिबिर भरलं. शाळेच्याच वर्गांतली बाकं बाजूला करून पेशंट ठेवले होते. मी कामासाठी बाहेर पडले तर हायवेच्या कडेला, ढाब्यासमोरच्या लिंबाखाली गंगाक्का बसलेली. केस पांढरे झालेले, एका डोळ्यावर हिरवं फडकं. शेजारी नीलव्वा, डोक्यावर पदर, हातात औषधाची बाटली. आवाजावरून गंगाक्कानं मला ओळखलं. माझा हात हातात घेऊन किती तरी वेळ तो दाबत राहिली. मुलगा शाळेत कितवीला आहे, संस्थेत आता कोण आहे, सगळं सांगितलं. शिवाप्पा गेल्याचं नीलव्वानं सांगितलं.

"डॉक्टर म्हनला आठ दिस डोळा उघडायचा न्हाय," नीलव्वा म्हणाली. "ह्या ऐकत न्हाईत बघा."

"मला उजेड दिसतोय का तेवढं बघत हुते."

"उजेड कुठं पळून चाललाय?"

तेवढ्यात उमरग्याकडं जाणारा ट्रक थांबला. नीलव्वानं ड्रायव्हरशी बोलून घेतलं, आधी स्वतः चढली आणि वाकून गंगाक्काला वर ओढलं. दोघींची खिडकीजवळच्या जागेवरून थोडी बाचाबाची झाली. गंगाक्का जिंकली. ट्रक निघाला तेव्हा मी बघितलं, खिडकीत बसलेल्या गंगाक्कानं एका बोटानं हिरवं फडकं हळूच वर उचललं आणि रस्त्याकडं बघितलं. आतून नीलव्वाचा हात आला, त्यानं ते बोट खाली ओढलं आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत सोडलं नाही.